कातकरी-ठाकर पोरं हायस्कूलात टिकवायची तर काय काय करायचं: नवीन शिक्षकांसाठी

मी मूळची घाटावरची, साताऱ्याकडची. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली ती रायगडात, खाडीजवळच्या एका हायस्कूलात, विज्ञान शिकवायला. पहिल्या वर्षी माझ्या आठवीच्या वर्गात अकरा कातकरी पोरं होती आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यातली चारच आली. मी स्टाफरूममध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "बाई, ती पोरं तशीच, त्यांना शिक्षणाची आवड नसते." तुम्हालाही हे वाक्य पहिल्या महिन्यातच ऐकायला मिळेल म्हणून आधीच सांगते, ते खोटं आहे. सात पोरं वीटभट्टीवर गेली होती आईबापाबरोबर, कारण वाडीवर त्यांना ठेवायला कोणी नव्हतं. आणि त्याच वर्षी आमची एक दहावीची हुशार मुलगी, ६८ टक्के पडले होते तिला, जातीचा दाखला नाही म्हणून अकरावीला राखीव जागेवर बसू शकली नाही आणि घरीच राहिली. तिचा दाखला काढायचं काम शाळेतल्या कोणाचंच नव्हतं. माझंही नव्हतं असं मी तेव्हा समजत होते.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. हे रायगडच्या अनुभवावरून आहे, पण पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या शाळांनाही बऱ्यापैकी लागू पडेल.

१. आपल्या वर्गात नक्की कोण आहे ते आधी समजून घ्या

"आदिवासी" हा शब्द हजेरीपुरता ठीक आहे, पण कागदावर त्याचा उपयोग शून्य. रायगडात बहुतेक कातकरी आणि ठाकर, काही भागात महादेव कोळी. पालघरात वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि इतर. सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर. प्रत्येकाची बोली, देव, लग्नाची रीत वेगळी.

कातकरी म्हणजे खैराच्या झाडापासून कात काढणारे, त्यावरूनच नाव पडलं. सरकारी यादीत ते काथोडी, कातकरी अशा नावांनी आहेत, आणि महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून वेगळ्या नोंदवल्यात (कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड) त्यातली ही एक. म्हणजे योजनांमध्ये त्यांच्यासाठी वेगळी तरतूद असते, ती विचारायची.

इथला मोठा घोळ म्हणजे कोळी. किनाऱ्यावरचे सोनकोळी, मासेमारी करणारे, ते अनुसूचित जमातीत नाहीत, विशेष मागास प्रवर्गात आहेत. महादेव कोळी आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातीत आहेत. रजिस्टरला नुसतं "हिंदू कोळी" लिहून ठेवलं की पुढे पोराचं आयुष्यभराचं दुखणं होतं. तसंच "हिंदू आदिवासी" असंही लिहू नका, आदिवासी नावाची जमात यादीत नाही. जमातीचं नाव यादीत जसं आहे तसंच, काना-मात्रेसकट लिहायचं.

२. शाळा सुरू व्हायच्या आधी वाडीवर जा

जूनच्या पहिल्या आठवड्यात जा. कुटुंबं भट्टीवरून परतलेली असतात, आगोटीची कामं चाललेली असतात, घर शाकारणं, लाकूडफाटा आत घेणं. लावणी सुरू झाली की मग घरी कोणी सापडत नाही.

संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा सगळे कामावर असतात. एकटं जाऊ नका, वाडीतली अंगणवाडी मदतनीस किंवा शाळेतलंच एखादं मोठं पोर बरोबर घ्या. पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका. मी पहिल्यांदा फाईल काखेत मारून गेले तर निम्म्या घरांना कड्या लागल्या, त्यांना वाटलं वनखात्याची किंवा बँकेची माणसं आली. दुसऱ्यांदा नुसती गेले, ओटीवर बसले, कोराच चहा प्याले, कोणाच्या घरी किती पोरं, कोण कुठल्या शाळेत, एवढंच बोलले. तिसऱ्या खेपेला लोकांनी स्वतःहून ट्रंकेतले कागद काढून दाखवले.

बोलताना काकी, आजी, दादा असंच बोलायचं. आपल्याकडच्या गावात पन्नाशीच्या कातकरी माणसाला पंधरा वर्षांचं पोरगंसुद्धा अरेतुरे करतं, शिक्षकाने तरी करू नये. आणि "कातवडी" हा शब्द गावात शिवीसारखा वापरतात, तो शाळेच्या आवारात कोणाच्याही तोंडी ऐकू आला तर तिथल्या तिथे थांबवायचा, मग ते पोर असो नाहीतर शिपाई असो नाहीतर आपल्यातलं कोणी.

तिसऱ्या खेपेपासून पिशवीत हे ठेवा:
- शाईचा पॅड (अंगठे घ्यावे लागतात, आणि तालुक्याला एका अंगठ्यासाठी माणसाची मजुरी बुडते)
- कोरे कागद, दोन-तीन पेनं
- चांगला कॅमेरा असलेला मोबाईल, कागद तिथेच स्कॅन करायला
- जाड प्लास्टिकची चेनवाली पाऊचं, घरटी एक

पाऊचचं विशेष सांगते. कुडाच्या घरात पागोळ्यांचं पाणी आत येतं आणि उरलेलं वाळवी खाते, त्यामुळे मिळालेला दाखला दोन पावसाळेसुद्धा टिकत नाही. पाऊच आढ्याला टांगून ठेवायला सांगा आणि एक झेरॉक्स सेट शाळेच्या कपाटात ठेवा, पोराच्या नावाने वेगळी फाईल.

३. कागद नाही म्हणून प्रवेश अडवू नका

आठवीपर्यंत तुम्हाला तो अधिकारच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणूनही अडवता येत नाही. जे पोर मध्येच शाळा सोडून गेलं होतं त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळे वर्ग घ्यायचे, हेही त्याच कायद्यात आहे. क्लार्क "आधार आणा मग बघू" म्हणत असेल तर शांतपणे सांगा, आधी नाव घाला, आधार नंतर आणू.

नववीला आलेल्या पोरांना हा कायदा लागू नाही, तिथे मुख्याध्यापकांना पटवावं लागतं. बहुतेक पटतात. पटसंख्येची गरज शाळेलाही असतेच.

४. नाव आणि जन्मतारीख: सगळीकडे एकच करा

हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढचा सगळा डोलारा यावर उभा राहतो. चार जागा ताडून बघा: शाळेचं जनरल रजिस्टर, आधार, रेशनकार्ड, आणि असला तर जन्मदाखला. माझ्या एका विद्यार्थ्याचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेचं होतं आणि बापाचं नाव एकीकडे नुसतं "बाळ्या".

वाडीतल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून असते. पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. ती चूक धरून बसू नका, फक्त सगळीकडे तीच राहील एवढं बघा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:
- आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, नाव दोनदा. म्हणून घाईने कोणत्यातरी सेंटरवर बदलून घेऊ नका, आधी कोणती तारीख कायम ठेवायची ते ठरवा.
- वयाला पाच वर्षं झाली की आणि पुन्हा पंधरा झाली की आधारचे बोटांचे ठसे अपडेट करावे लागतात. नववी-दहावीतली पोरं नेमकी यात अडकतात, शिष्यवृत्तीच्या वेळी ठसाच जुळत नाही.
- जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. वेळ लागतो, आठवीतच सुरुवात करा.
- जनरल रजिस्टरमधली चूक पोर शाळेत आहे तोवर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की फार त्रास.

५. जातीचा दाखला

याच्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण याच्यावरच सगळ्यात जास्त पोरं गळतात.

दाखला देतात प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. अर्ज जातो तहसीलच्या सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून. अनुसूचित जमातीसाठी मुख्य तारीख आहे ६ सप्टेंबर १९५०, त्या आधीपासून कुटुंब याच भागात राहत होतं आणि याच जमातीचं होतं हे दाखवायचं असतं.

साधारण लागणारे कागद:
- मुलाचा बोनाफाईड किंवा शाळा सोडल्याचा दाखला, जमातीची नोंद असलेला
- वडिलांचा शाळेचा दाखला, नसेल तर काका किंवा आत्याचा
- आजोबांची किंवा पणजोबांची जुनी कुठलीही नोंद
- वंशावळ, वडिलांच्या सहीअंगठ्यासह
- रेशनकार्ड, आधार, रहिवासाचा पुरावा
- प्रतिज्ञापत्र

प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. तहसीलच्या बाहेर बसलेली माणसं शंभर-पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावतात, घेऊ नका.

आता खरी अडचण. "आजोबांचा कागद आणा" असं सांगणं सोपं आहे, पण आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यांच्या नावावर जमीन नव्हती, ते या डोंगरावरून त्या डोंगरावर कोळसा पाडत फिरत होते. एका ऑफिसात मी एका बापाला घेऊन तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा त्याच एका वाक्यावर परत पाठवलं. चौथ्या वेळी त्याने यायलाच नकार दिला, म्हणाला, "बाई, तीन रोजचा हाजरी गेला माझा." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग कागद कुठे शोधायचे? एक म्हणजे गाव नमुना नंबर १४, ते जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर, तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये असतं, त्यात जात लिहिलेली असते. दुसरं, आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या जिल्हा परिषद शाळांची रजिस्टरं. ज्या गावात कुटुंब आता राहतं तिथेच शोधू नका, आजी-आजोबा आधी कुठल्या वाडीवर होते ते विचारा. वर सांगितलेल्या त्या कुटुंबाला शेवटी आत्याची नोंद सापडली, चौदा किलोमीटरवरच्या एका शाळेत, आत्या पहिलीत फक्त आठ महिने गेली होती. रजिस्टरचा कोपरा वाळवीने खाल्लेला, पण नाव, बापाचं नाव आणि पुढे शाईने लिहिलेलं "काथोडी" शाबूत होतं. त्या एका ओळीवर घरातल्या पाच पोरांचे दाखले निघाले. वनहक्काचा दावा मंजूर झालेला असेल तर तो कागदही जोडा.

आणि काहीच सापडलं नाही तर लेखी अर्ज करून तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांकडून गृहचौकशी मागा. पंचनामा, पोलीस पाटलांचा जबाब, वाडीतल्या जाणत्या माणसांचे जबाब यावर विचार होऊ शकतो. तोंडी मागू नका, अर्जाची पोच घ्या.

यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे शिबिर. १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राची पीएम-जनमन योजना सुरू झाली, ती या विशेष असुरक्षित जमातींसाठीच आहे, आणि त्यात वाडीवर येऊन आधार, रेशनकार्ड, जातीचे दाखले काढून द्यायची शिबिरं घेतात. मुख्याध्यापकांच्या सहीने तहसीलदारांना पत्र द्या, सोबत दाखला नसलेल्या मुलांची यादी नावगाववार जोडा. यादी तयार असली की शिबिर लवकर लागतं, हा माझा अनुभव. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणला आहे, पत्राची एक प्रत तिकडेही टाका. पालघरवाल्यांसाठी डहाणू आणि जव्हार.

सावध राहा: जातीचा दाखला आणि जात वैधता, म्हणजे मिळालेला दाखला खरा आहे याची समितीने केलेली पडताळणी, या दोन वेगळ्या गोष्टी. वैधतेसाठी अनुसूचित जमातींची पडताळणी समिती वेगळी आहे, आदिवासी विकास विभागाची. जिल्ह्याच्या ठिकाणी जी जात पडताळणी समिती असते ती बाकीच्या प्रवर्गांसाठी. एका पालकाने तिथे दोन हेलपाटे मारले तेव्हा कोणीतरी सांगितलं की हे ऑफिसच तुमचं नाही. वडिलांकडच्या नात्यात कोणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम खूप हलकं होतं.

६. बँक खातं आणि शिष्यवृत्ती

नववी-दहावीला केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती, शिवाय राज्याची सुवर्ण महोत्सवी. दहावीनंतर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, दरवर्षी जूनमध्येच काढून ठेवा.

पैसे खात्यात का येत नाहीत याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं तिकडे पैसे जातात. भट्टीवर किंवा बाजारात कोणीतरी सिमकार्ड देताना पोराच्या किंवा आईच्या अंगठ्यावर दुसरंच खातं उघडून ठेवलेलं असतं, घरच्यांना पत्ताच नसतो. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याशी जोडलंय ते आधी विचारा. आणि फॉर्मवर भट्टीवर मजूर नेणाऱ्या मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा मोबाईल नंबर टाकू नका, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो असतो भट्टीवर.

एक गोष्ट हात जोडून सांगते. वर्गात "एसटीच्या मुलांनी उभं राहा" असं म्हणून याद्या करू नका. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवा. आमच्याकडची एक मुलगी अशी वर्गात उभी राहिल्यानंतर पुढचे चार दिवस आलीच नव्हती, आणि का आली नाही ते मला दोन वर्षांनी कळलं.

मुलींना एसटी बसचा पास मोफत आहे, अर्ज शाळेतूनच जातो. वाडी रस्त्यापासून आत असते त्यामुळे स्टॉपपर्यंतचं चालणं उरतंच, म्हणून चार-पाच मुली मिळून येतील अशी जोडी लावून द्या.

७. स्थलांतराचं कॅलेंडर भिंतीवर लावा

शाळेचं वर्ष आणि वाडीचं वर्ष वेगळं चालतं. जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, तेव्हा हजेरी पातळ होते पण पोरं परत येतात. खरी गळती दिवाळीनंतर. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, बहुतेकदा पावसाळ्यातच, घरात दाणा नसतो तेव्हा, आणि ती फेडायला सगळं कुटुंब भट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातं ते थेट मे अखेरीपर्यंत.

म्हणून गणपतीच्या सुट्टीनंतर लगेच वाडीवर बसून विचारा, यंदा कोण कुठे जाणार. मग तीन पर्याय:

पहिला, पोर मागे ठेवणं. आजीआजोबा असतील तर घरी, नसतील तर प्रकल्प कार्यालयाच्या शासकीय वसतिगृहात. वसतिगृहाचे अर्ज जून-जुलैतच भरावे लागतात, दिवाळीत जाग येऊन उपयोग नाही. हंगामी वसतिगृहाची सोय जवळपास आहे का ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा.

दुसरा, पोर गेलंच तर शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवणं. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिथे बसता येतं. हे मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. कार्ड नुसतं हातात देऊ नका, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. फोन केला तर पोराला वर्गात बसवतात, नाहीतर कार्ड खिशातच राहतं.

तिसरा, नववी-दहावीच्या पोरांसाठी अभ्यासाचं पाकीट करून देणं आणि महिन्यातून एकदा फोन. शिमग्याला बरीचशी कुटुंबं चार दिवस वाडीवर येतात, ते चार दिवस सोडू नका. पण दहावीची परीक्षाही त्याच सुमाराला असते हे घरी दिवाळीतच सांगून ठेवा.

हजेरीपटावरून नाव काढून टाकायची घाई करू नका. नाव निघालं की जूनमध्ये परत यायला पोराला लाज वाटते. आणि उचलीपोटी पोराला कोणी डांबून कामाला लावलंय असं कळलं तर तो वेठबिगारीचा गुन्हा आहे, १९७६ चा कायदा आहे, तहसीलदारांना लेखी कळवा.

८. वर्गात त्यांचं ज्ञान आणा, नाच नको

दर गॅदरिंगला एक "आदिवासी नृत्य" असतं. पोरांना पानं बांधतात, तोंडाला काळं फासतात, हातात भाले देतात. कातकरी माणूस असा कधीच नव्हता आणि नाही. आपल्या शाळेत हे बसत असेल तर पहिल्यांदा ते बंद करा.

दुसरी चूक चांगल्या मनाने होते. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन म्हणून सगळ्यांना वारली चित्रं काढायला लावतात. वारली चित्र वारल्यांचं आहे, लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशेंना २०११ ला पद्मश्री मिळाली ती त्याच कलेसाठी. पालघरच्या शाळेत ते जरूर करा, वाडीतल्याच बाईला बोलावून करा. पण रायगडातल्या कातकरी पोराला "तुमचं चित्र काढ" म्हणून वारली चित्र दिलं तर ते बिचारं पुस्तकात बघून काढतं. सिंधुदुर्गात असाल तर पिंगुळीला पोरांना घेऊन जा, ठाकरांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली आणि त्यांनी गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय केलंय.

मग रायगडात काय करायचं? मी काय केलं ते सांगते. जूनमध्ये नववीला वनस्पतींचा धडा घेताना वाडीतल्या एका आजीला वर्गात बोलावलं. त्या शेवळं घेऊन आल्या, पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून वर येतात ती, जांभळट तपकिरी, लांब शेंगेसारखी. आजी खुर्चीवर बसल्या नाहीत, फरशीवरच बसल्या, मग सगळा वर्गच खाली बसला. त्यांनी शेवळाचं वरचं साल सोडवलं, आतला पिवळा भाग नखाने काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा खाल्ला तं घसा धरल." मग पदराच्या गाठीतून काकडं काढली, छोटी हिरवी आंबट फळं, ती बरोबर शिजवली की खाज मरते. मी फळ्यावर कॅल्शियम ऑक्सलेटच्या सुया काढून दाखवल्या, शेवळाचं शास्त्रीय नाव लिहिलं, अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलेली काकडं दाखवायला काढली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता, उभी राहून म्हणाली, "बाई, ही काकडं नाहीत." खरंच नव्हती. ती पुढे आली, तिने फरक सांगितला, आणि वर्गातल्या बाकीच्या पोरांनी तो वहीत लिहून घेतला.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवलीय, तीन रकान्यांची. कातकरी बोलीतलं नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, करांदे, वलगणीचे मासे, खेकड्यांचे प्रकार. पहिला रकाना फक्त कातकरी पोरांनीच भरायचा हा नियम. कातकरी ही वेगळी बोली आहे, मराठी बिघडून झालेली नाही, हे आधी आपल्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, मग "नीट शुद्ध बोल" हे वाक्य आपोआप तोंडातून जातं. पेपरात प्रमाण मराठी लागतेच, ती शिकवायचीच, पण बोलीवर हसू नका आणि हसू देऊ नका.

इतिहासाच्या तासाला २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह घ्या. उरण तालुक्यातलं चिरनेर, अक्कादेवीच्या डोंगराजवळ पोलिसांनी गोळीबार केला, त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी होते. दर २५ सप्टेंबरला तिथे कार्यक्रम असतो. आमच्या पोरांना हे नाव माहीतच नव्हतं. रायगड किल्ल्याऐवजी एक वर्ष चिरनेरची सहल काढा.

यातही सांभाळायच्या गोष्टी आहेत. बाहेरच्या माणसाला वर्गात बोलावलं की त्या दिवसाची मजुरी द्या, नुसता नारळ देऊन पाठवू नका, मुख्याध्यापक नाही म्हणाले तर शिक्षकांनी वर्गणी काढा. आणि पोरं मोकळी झाली की शिकारीच्या गोष्टी सांगतात, ससा, घोरपड. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, आमच्याकडे फणसाड अभयारण्य जवळच, तेव्हा ते प्रकल्पवहीत नावानिशी लिहायला लावू नका, मोबाईलवर रेकॉर्डही करू नका. पोराच्या बापावर केस होऊ शकते. देवाधर्माचं जे सांगायला आजी नको म्हणाल्या ते विचारत बसू नका.

९. दहावी आणि त्यानंतरचे तीन महिने

बोर्डाचा फॉर्म भरताना नाव पुन्हा एकदा आधार आणि रजिस्टरशी ताडून बघा. नवीन लोकांचा होणारा गोंधळ म्हणजे कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे पण ते रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी. रायगड आणि पालघर मुंबई विभागात येतात, पत्रं तिकडे पाठवायची. हजेरी कमी भरत असेल तर परीक्षेच्या तोंडावर नको, डिसेंबरातच मुख्याध्यापकांमार्फत मंडळाला कारणासह लिहा. जी पोरं मधेच सुटली त्यांना बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, वाडीवर अशी दोन-तीन तरी सापडतातच.

निकालानंतर काम संपत नाही, उलट तिथेच पोर हरवतं. २०२५-२६ पासून अकरावीचं अ‍ॅडमिशन राज्यभर ऑनलाइन झालंय, फॉर्मचे दोन भाग असतात आणि प्रत्येक फेरीला ठरलेल्या दिवसांत कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करावा लागतो. मोबाईलला रेंज नसलेल्या वाडीवर ती तारीख कळत नाही. आम्ही आता शाळेची कॉम्प्युटर लॅब निकालाच्या दिवसापासून उघडी ठेवतो, लॉगिन आणि पासवर्ड पोराच्या फाईलवर लिहून ठेवतो, आणि जागा लागली की वाडीतल्या अंगणवाडी मदतनीसला फोन करतो. आयटीआयचे अर्जही तेव्हाच असतात, पोराला तिकडे जायचं असेल तर अकरावीचा आग्रह धरू नका.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी कोणीतरी बरोबर जा. फी खिडकीवर "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आल्यावर परत देऊ" असं सांगतात आणि पोर तिथूनच माघारी फिरतं. तिथे शिक्षक उभा असेल, हातात जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला असेल, तर बोलणं वेगळं होतं. मी गेल्या वर्षी तिघांबरोबर गेले, सकाळी साडेसातच्या एसटीने, आणि दुपारी एक वाजेपर्यंत तिघांच्याही पावत्या हातात होत्या.